रिकाम्या जागेतला आकडा

आयव्हीएफची संमतीपत्रं चांगली दहा-बारा पानांची असतात. नर्स बोट ठेवेल तिथे आधी बायकोने सही करायची, मग नवऱ्याने, मग साक्षीदाराने. बहुतेक जोडपी ती पानं वाचत नाहीत. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली, दोन-तीन दवाखाने पालथे घातलेले. छापील ओळी वाचायचं त्राण उरतं कुणाला? त्या ओळींमध्ये एके ठिकाणी मोकळी जागा सोडलेली असते. गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे, तो आकडा तिथे लिहायचा. एक, दोन, फार तर तीन. सगळ्या कागदांत सर्वांत कमी शाई या जागेला लागते, आणि पुढच्या नऊ महिन्यांचं, कधीकधी पुढच्या नव्वद वर्षांचंही, बरंच काही तिथेच ठरतं.

हा आकडा ठरतो कसा? विचारलं तर उत्तर मिळतं: वय, भ्रूणाची प्रत, आधी फसलेले प्रयत्न. उत्तर खरं आहे, पण अर्धं. आयव्हीएफच्या पंचेचाळीसहून अधिक वर्षांच्या इतिहासात हा आकडा एकावरून चढत बारापर्यंत गेला आणि पुन्हा एकावर उतरू लागला. तो चढ-उतार पाहिला की उरलेलं अर्धं उत्तर दिसतं. उपचाराचे पैसे कोण भरतो आणि किती वेळा भरावे लागतात, यावरही हा आकडा ठरतो.

टोकण

या उपचारातून जन्मलेलं जगातलं पहिलं मूल एकाच भ्रूणातून आलं. २५ जुलै १९७८च्या रात्री इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईला बीजं वाढवणारी इंजेक्शनं दिलेलीच नव्हती. नेहमीच्या पाळीत तयार झालेलं एकुलतं एक बीज पॅट्रिक स्टेप्टो यांनी दुर्बिणीने बाहेर काढलं. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी ते काचेच्या बशीत फलित केलं, आणि आठ पेशींचं झाल्यावर ते परत आत सोडलं गेलं. हाताशी होता एकच भ्रूण. किती सोडायचे हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आला तो पुढच्या काही वर्षांत. इंजेक्शनं देऊन एका पाळीत आठ-दहा बीजं मिळू लागली, म्हणजे पाच-सहा भ्रूण हाती. पण तेव्हा एकेक भ्रूण रुजण्याचा संभव फार थोडा होता, आणि उरलेले नीट टिकवून ठेवण्याची सोय नव्हती. मग डॉक्टरांनी शेतकऱ्याने टोकणीला करावं तेच केलं. एका खड्ड्यात दोन-तीन दाणे टाकायचे. एखादा किडका निघाला, एखादा पाखराने नेला, तरी एक उगवावा. तीन भ्रूण, चार भ्रूण, कुठे त्याहून अधिक. रुजला एखादा तर बाळ, नाही रुजला तर पुन्हा पहिल्यापासून. त्या काळाच्या हिशेबाने हे चूक म्हणता येणार नाही.

पुढे प्रयोगशाळा सुधारल्या. भ्रूण तीन दिवसांऐवजी पाच दिवस बाहेर वाढवून, त्याची आतली-बाहेरची ठेवण पाहून, प्रत लावून निवडता येऊ लागला. रुजण्याचं प्रमाण वाढलं. टोकणीची सवय मात्र तशीच राहिली. खड्ड्यात तीन दाणे, आणि आता तिन्ही उगवायला लागले.

निसर्गात हे किती दुर्मीळ असतं, त्याचा एक जुना ठोकताळा आहे. १८९५ मध्ये हेलिन नावाच्या शास्त्रज्ञाने मांडला: साधारण ८९ बाळंतपणांत एक जुळं, आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे सुमारे आठ हजारांत एक तिळं. आयव्हीएफच्या दवाखान्यांत हा ठोकताळा पार मोडीत निघाला. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये या उपचारातून होणाऱ्या बाळंतपणांपैकी सुमारे २८ टक्के बाळंतपणं जुळ्या-तिळ्यांची होती.

टोक गाठलं कॅलिफोर्नियाने. २६ जानेवारी २००९ रोजी बेलफ्लॉवरच्या रुग्णालयात एका बाईने आठ बाळांना जन्म दिला, दिवस भरायच्या सुमारे नऊ आठवडे आधी. घरी याच उपचारातून झालेली सहा मुलं होती. तिच्या गर्भाशयात एका वेळी बारा भ्रूण सोडले गेले होते. आठही बाळं जगली, जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय मंडळाने त्या डॉक्टरचा परवाना रद्द केला.

चौसष्टचं गणित

दवाखान्याच्या बाकावर बसलं की या जगाची भाषा कानावर पडत राहते. पिकअप झालं का? एम्ब्रियो किती बनले? फ्रोझन किती? बीटा कधी? (पिकअप म्हणजे बीजं बाहेर काढणं, बीटा म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, ट्रान्सफर म्हणजे भ्रूण आत सोडणं.) आणि ट्रान्सफरच्या दिवशी हमखास ऐकू येणारी विनवणी: डॉक्टर, दोन सोडा ना. त्यामागचं तर्कशास्त्र साधं वाटतं. एकाने जेवढी आशा, दोनाने तिच्या दुप्पट. आणि दोन्ही राहिले तर एकाच खर्चात घर पूर्ण. एक मुलगा, एक मुलगी. लव-कुश आले म्हणत सासूबाई पेढे वाटणार.

हा हिशेब कागदावर मांडून पाहू. सोयीसाठी धरू की चांगल्या भ्रूणाचा रुजण्याचा संभव शंभरात चाळीस आहे. शंभर बायकांना दोन-दोन भ्रूण एकदम सोडले, तर छत्तीस जणींना काहीच राहणार नाही आणि चौसष्ट जणींना राहील. त्या चौसष्टांपैकी सोळा जणींच्या पोटात जुळं असेल, म्हणजे दर चौथ्या गरोदर बाईच्या.

आता तेच दोन भ्रूण एकामागून एक सोडू. पहिल्या खेपेला चाळीस जणींना राहील. उरलेल्या साठ जणींना गोठवून ठेवलेला दुसरा भ्रूण पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत सोडला, तर त्यांतल्या चाळीस टक्के, म्हणजे आणखी चोवीस. एकूण? चौसष्टच. जुळी जवळजवळ शून्य, आणि चाळीस जणींकडे एकेक भ्रूण दुसऱ्या मुलासाठी शिल्लक.

दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात. फरक एवढाच की दुसऱ्या रस्त्याने एक फेरी जास्त पडते: पुन्हा गोळ्या, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा ट्रान्सफरचं बिल आणि पुन्हा बीटापर्यंतचे ते चौदा दिवस. जुळ्याचा धोका पत्करून आपण काय वाचवतो, तर ही एक फेरी.

प्रत्यक्षात गणित इतकं चोख नसतं. म्हणून ते प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या अकरा दवाखान्यांत छत्तीस वर्षांखालच्या ६६१ बायकांवर झालेला अभ्यास २००४च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना दोन भ्रूण एकदम दिले. निम्म्या जणींना आधी एक, आणि तो न रुजल्यास गोठवलेला एक. मूल हाती आल्याचं प्रमाण पहिल्या गटात ४२.९ टक्के, दुसऱ्यात ३८.८. चारेक टक्क्यांचा फरक. आणि त्या बाळंतपणांत जुळी किती? पहिल्या गटात ३३.१ टक्के, दुसऱ्यात ०.८.

वय वाढलं की भ्रूणाची ताकद घटते. चाळिशीजवळच्या बाईसाठी दोनाचा विचार करणं डॉक्टरांना रास्त वाटू शकतं, आणि अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वंही वयानुसार आकडा वाढवू देतात. पण गुणसूत्रं तपासून निर्दोष ठरलेला भ्रूण हाती असेल, तर वय कितीही असो, एकच सोडा, असं तीच तत्त्वं सांगतात. एक सोडला म्हणजे जुळं अशक्य, असंही नाही. शंभरात एक-दोनदा तो एकटाच आत गेल्यावर दुभंगतो. अशी जुळी बहुधा एकाच वारेवर वाढतात, आणि कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळतं. तेवढी अनिश्चितता राहणारच. तिच्यात आपल्या हाताने भर घालायची का, एवढाच प्रश्न आहे.

ब्रसेल्सचा सौदा

स्वीडनने तो अभ्यास छापून येण्याची वाटही पाहिली नाही. २००३ पासून तिथे एक भ्रूण हाच नियम झाला, अपवादाला कारण द्यावं लागू लागलं. थोड्याच वर्षांत जुळ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं, आणि मूल होण्याचं प्रमाण घटलं नाही.

बेल्जियमची गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते, कारण तिथे हिशेब उघड मांडला गेला. जुळी-तिळी बाळं आधी जन्मतात, नवजात अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे राहतात, त्याचं बिल सरकारी विमा भरतो. मग तोच पैसा आधीच का खर्चू नये? १ जुलै २००३ पासून सरकारने बेचाळीस वर्षांपर्यंतच्या बाईच्या सहा उपचारचक्रांचा प्रयोगशाळेतला खर्च उचलला. बदल्यात अट घातली: छत्तीस वर्षांखाली पहिल्या खेपेला एकच भ्रूण, आणि पुढचा आकडा वय व खेप पाहून. जोडप्यांना सहा संधी मिळाल्या, सरकारची नवजात विभागातल्या काचेच्या पेट्यांची बिलं कमी झाली.

ब्रिटनमध्ये हे काम नियामक संस्थेने केलं. ‘एका वेळी एक’ अशी मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांखाली आणायचं ठरलं. २०१९ पर्यंत २८चे ६ टक्के झाले.

या तिन्ही देशांतल्या बायकांना जुळ्यांचा मोह नव्हता असं कसं म्हणावं? मोह सगळीकडे सारखाच. तिथे फसलेली खेप म्हणजे घरावर आलेली जप्ती नव्हती, एवढाच फरक.

कोलकात्याचा गोठवलेला धागा

एकेक भ्रूण सोडणं परवडायचं तर उरलेले टिकले पाहिजेत. म्हणजे या सगळ्याचा पाया आहे गोठवणं. आणि गोठवण्याची गोष्ट आपल्याकडची आहे.

लुईस ब्राऊननंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तिच्या आईला इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली होती, आणि भ्रूण त्रेपन्न दिवस गोठवून मग सोडला होता. ओल्डहॅमला यातलं काहीच केलं गेलं नव्हतं. पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी जाऊन काम मांडायची वाट बंद झाली, आणि शेवटी नेत्ररोगाच्या संस्थेत बदली झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ त्यांच्यावरून सुचलेला.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. भारतातलं पहिलं म्हणून गाजलं. पण १९९७ मध्ये आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणं आली. ती बारकाईने वाचून त्यांनी जाहीर केलं की पहिलेपणाचा मान कोलकात्याचा आहे. आपल्या नावावरचा ‘पहिला’ स्वतःच्या हाताने पुसणारा माणूस विज्ञानात विरळाच.

नंतर गोठवण्याची रीत सुधारली. पूर्वी हळूहळू थंड करताना पेशीत बर्फाचे कण होत आणि ते तिला आतून फाडत. आता क्षणात, काचेसारखं गोठवतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये भ्रूण वर्षानुवर्षं राहतो, आणि चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातले नव्वदहून अधिक धडधाकट परत येतात. ‘उरलेले वाया जातील’ ही टोकणीमागची भीती होती. तिला आता आधार उरलेला नाही.

आयव्हीएफचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी गांधारीचा दाखला देतोच. मांसपिंडाचे शंभर आणि एक भाग, तुपाने भरलेले कुंभ, शंभर कौरव आणि दुःशला. तो दाखला विज्ञान म्हणून घ्यायचं कारण नाही. पण देणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही: व्यासांनी दर पिंडाला वेगळा कुंभ दिला होता.

विरळणी

टोकणीत सगळे दाणे उगवले, तर शेतकरी विरळणी करतो. जोमदार रोप ठेवून बाकीची उपटतो. गर्भाशयातही विरळणी करतात. तिळं किंवा त्याहून अधिक असेल, तर अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई घालून एका गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड सोडतात. ठोका थांबतो. बाकीचे वाढावेत म्हणून. कधीकधी त्या सुईपायी सगळेच जातात. ज्या बाईने दहा वर्षं एका ठोक्यासाठी वाट पाहिली, तिला स्क्रीनवर तीन ठोके दाखवायचे आणि त्यांतला एक बंद करायला सही मागायची. या सहीला जबाबदार असतो पहिल्या कागदावरचा आकडा.

जुळ्यांची विरळणी सहसा करत नाहीत. ती वाढू देतात. त्यातली पुष्कळ सुखरूप घरी येतात, आणि अशा घरांतला आनंद खोटा नसतो. पण निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवड्यांच्या आधी जन्मतात. तिळी सरासरी बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास. आईला रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, यांतलं प्रत्येक दुखणं एका बाळापेक्षा दोनांत अधिक गाठतं. सिझेरियन तर जवळपास धरूनच चालायचं.

आणि बाळ? बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं बाळ जेमतेम दीड-पावणेदोन किलोचं असतं. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून नाकाशी हवेचा दाब लावलेला. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून नळीतून दूध, दर दोन-तीन तासांनी, मिलिलिटर मोजून. महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, नाहीतर आंधळेपण येऊ शकतं. सेरेब्रल पाल्सीचा धोका जुळ्यांत एकट्या बाळापेक्षा कितीतरी पट. आई पहिल्या मजल्यावर टाक्यांनी जखडलेली, बाळं तिसऱ्या मजल्यावर. बाप दोन्हींच्या मध्ये, हातात औषधांची चिठ्ठी.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभी केली ती अशाच अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. दुसऱ्या बाईने दिलेलं दूध तापवून, तपासून, गोठवून ठेवायचं आणि ज्या आईला दूध आलेलं नाही तिच्या बाळाला द्यायचं. शहरातल्या सगळ्यांत गरीब बाळंतिणींसाठी निघालेली ही सोय. आज तशाच पेढ्यांच्या दारात लाखो रुपये खर्चून आलेली जोडपीही उभी राहतात.

पॅकेज

सोलापूर असो, अकोला असो की सांगली, एस.टी. स्टँडबाहेर पडलं की गुबगुबीत बाळाचं होर्डिंग दिसतं. खाली लिहिलेलं असतं: पॅकेज, हप्त्यांची सोय, यशाची टक्केवारी. टक्केवारी कशाची? बीटा पॉझिटिव्ह आल्याची, ठोका दिसल्याची, की बाळ घरी गेल्याची? तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला आकडा सर्वांत मोठा असतो. दोन भ्रूण सोडले की तो आणखी फुगतो. जुळ्यांची पेटीतली बिलं दुसऱ्या दवाखान्यात निघतात. होर्डिंगच्या टक्केवारीत ती धरायला कुणी बसलेलं नसतं.

जोडप्याच्या बाजूने पाहिलं तर दोनाचा हट्ट वेडगळ अजिबात नाही. एका चक्राला दीड-दोन लाख, कुठे त्याहून जास्त. विमा? आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची प्रमाणित यादी असते, तिच्यात सतराव्या क्रमांकावर वंध्यत्वाचे उपचार आहेत. म्हणजे पैसे घरचे: पाटल्या मोडून, सोसायटीचं कर्ज काढून, भावाकडून उसने. अशा माणसाला ‘पुन्हा या’ म्हणणं सोपं, त्याने पुन्हा येणं अवघड. त्याच्या जागी बसलं की ‘दोन सोडा’ यात हाव दिसत नाही. परत येता येणार नाही याची कबुली दिसते.

आपल्या कायद्याने काही दारं बंद केली. २०१९ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला या उपचारातून जुळ्या मुली झाल्या. २०२१च्या कायद्याने स्त्रीसाठी पन्नास वर्षांची मर्यादा घातली, समुपदेशन आणि लेखी संमती सक्तीची केली. सरोगसीच्या २०२२च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलं आहे: एका चक्रात एकच भ्रूण, विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या बाईच्या पोटाची ही काळजी योग्यच. स्वतःचं मूल वाढवणारीचं पोट काही वेगळं नसतं.

पण नुसता नियम पुरत नाही, हे बेल्जियमने दाखवलं. अट घालायची तर हातात काही द्यावं लागतं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झालं. अशा ठिकाणी डॉक्टर ‘एकच सोडू’ म्हणू शकतो, कारण दुसरी खेप बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर अवलंबून नसते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विभागात एक तरी असं केंद्र असावं, ही मागणी करताना तिला दयेची भाषा लावायची गरज नाही. नवजात विभागातल्या पेट्या आणि माणसं आपण तशीही सरकारी पैशानेच ठेवतो. तोच पैसा थोडा अलीकडे खर्चायचा आहे.

खासगी दवाखान्यांना तर कायद्याची वाटही पाहायला नको. आज दर खेपेचा दर वेगळा लागतो: पिकअपचा, ट्रान्सफरचा, गोठवण्याचा, साठवण्याचा. त्याऐवजी एका पिकअपमधून बनलेले सगळे भ्रूण, एकेक करून, मूल हाती येईपर्यंत, असा एकच दर लावता येईल. दुसऱ्या खेपेचे पैसे आधीच भरलेले असतील, तर पहिल्याच खेपेला दोन रेटायचं कारण कुणापाशीच उरणार नाही, जोडप्यापाशीही नाही आणि दवाखान्यापाशीही नाही.

तोवर एवढं तरी करता येईल. संमतीपत्रावरच्या त्या मोकळ्या जागेच्या वर आणखी एक ओळ छापावी: गोठवलेला पुढचा भ्रूण सोडायला किती रुपये लागतील? आणि तो आकडा ट्रान्सफरच्या दिवशी, बाई भरल्या मूत्राशयाने टेबलावर असताना सांगू नये. पहिल्याच भेटीत, खर्चाच्या कागदासोबत घरी द्यावा. रात्री जेवणं झाल्यावर दोघं तो कागद समोर घेऊन बसतील. खालची जागा काय लिहून भरायची, ते त्यांचं त्यांना तेव्हाच कळेल.